वर्गणीमास्तर

आमच्या गावच्या कॉलेजातले बँडमास्तर रस्त्यात भेटले की 'कसं काय' म्हणायच्या आधी विचारतात, "तुझ्या ओळखीत बसून वाजवणारं कोणी आहे का?" मी हा प्रश्न घरी येऊन बायकोपुढे ठेवला, तेव्हा ती म्हणाली, "आपल्या मंडळातले सगळे बसूनच वाजवतात की. उभं राहून कोण वाजवतंय?"

बसून म्हणजे चार फुटांहून उंच, लाकडी, दोन पात्यांच्या पिपाणीवर वाजणारं वाद्य. बरा बसून घ्यायचा तर मोटारीची किंमत मोजावी लागते. म्हणून बऱ्याच शाळा तो घेत नाहीत, शाळेत नसतो म्हणून मुलं शिकत नाहीत, मुलं शिकत नाहीत म्हणून कॉलेजच्या बँडात ती खुर्ची रिकामी राहते, आणि खुर्ची रिकामी म्हणून मास्तर आयोवातल्या मक्याच्या शेतांमधून बसूनवाल्यांचा माग काढत हिंडत असतात. आजवर त्यांना एक सापडला होता. त्याने दुसऱ्या वर्षी दंतवैद्यक घेतलं.

बँडमास्तर म्हटल्यावर वरातीपुढचा लाल कोट आणि सोनेरी झिरमिळ्या डोळ्यांपुढे आणू नका. अमेरिकेत बहुतेक हायस्कुलांना बँड असतो. पानगळीच्या दिवसांत फुटबॉलच्या मैदानावर कवायत करत वाजवायचं आणि थंडी पडली की सभागृहात खुर्च्या मांडून. या बँडांना शिकवणारी माणसं कॉलेजांत तयार होतात, आणि ती तयार करणाऱ्यांत आमचे मास्तर. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, अंगाने शिडशिडीत, कानावर पेन्सिल, आणि गाडीच्या डिकीत नोटेशन ठेवायचे इतके स्टँड की भाजी मांडीवर घेऊन बसावं लागतं. त्यांचं नाव मी इथे देत नाही. दिलं तर ते पहिली शंका काढतील ती स्पेलिंगची. लोकांच्या नावांची स्पेलिंगं तपासण्यात या गृहस्थांचं निम्मं आयुष्य गेलेलं आहे. ते का, हे सांगण्यासाठीच हा सगळा खटाटोप.

मास्तर स्वतः संगीत रचत नाहीत. दुसऱ्यांकडून रचवून घेतात. हा त्यांचा छंद नाही, गरज आहे. व्हायोलिनवाल्यांना बीथोवन, ब्राम्स, चायकोव्स्की तयार मिळतात. बँडवाल्यांचा इतिहास त्या मानाने कालपरवाचा. फ्रेडरिक फेनेल यांनी ईस्टमनच्या संगीतशाळेत 'विंड एन्सेम्बल' काढला तो १९५२ साली, आणि काढल्याबरोबर जगभरच्या संगीतकारांना शेकड्याने पत्रं टाकली, की आमच्याकडे अशी अशी वाद्यं आहेत, लिहा काहीतरी. मास्तर फेनेल यांचं नाव घेताना कानाची पाळी धरत नाहीत एवढंच. "फेनेल उत्तम कंडक्टर होते," ते म्हणतात, "पण त्यांचं खरं मोठेपण टपालखर्चात आहे."

आता टपालाचा खर्च राहिला नाही, पण संगीतकाराचा मेहनताना राहिला. तो साधारण मिनिटांवर ठरतो. मास्तरांना हवा होता पंधरा मिनिटांचा कॉन्चेर्टो. पुढे दोन एकलवादक, मागे बँड. एकलवाद्यं कोणती? युफोनियम आणि बसून. युफोनियम, म्हणजे ट्यूबाचं धाकटं भावंड, कारण तारुण्यात ते स्वतः ते वाजवत. बसून, कारण तो त्यांच्याकडे कधी टिकला नव्हता. ज्या संगीतकार बाईंना त्यांनी हेरलं होतं त्यांनी अठरा हजार डॉलर सांगितले. निम्मे करार करताना, निम्मे नोटेशन हाती पडल्यावर. आमच्या कॉलेजच्या बँडचं वर्षाचं बजेट ट्यूबांच्या झडपा दुरुस्त करण्यात आणि सामन्यांना जायच्या बसभाड्यात संपतं. मास्तरांनी शांतपणे अठरा हजारांना साठाने भागलं. साठ शाळा-कॉलेजं, प्रत्येकी तीनशे. याला इकडे कन्सॉर्शियम म्हणतात.

तीनशे डॉलरांत काय काय मिळतं ते मास्तरांनी मला चहाच्या टेबलावर पटवून दिलं. सगळं नोटेशन पीडीएफमध्ये. बाकीच्या जगाला मिळायच्या आधी वर्षभर वाजवायचा हक्क. आपापल्या राज्यातला शुभारंभाचा प्रयोग आपण केल्याचा मान. आणि स्कोअरच्या पहिल्या पानावर नाव, कायमचं. पहिली तीन कलमं करारात शोभेसाठी असतात. माणूस खिशात हात घालतो तो चौथ्यासाठी.

मी इथल्या महाराष्ट्र मंडळाचा खजिनदार आहे, हे मास्तरांना माझ्या मुलीकडून कळलं (ती त्यांच्या उन्हाळी शिबिरात युफोनियम फुंकते). त्या दिवसापासून आमची दोस्ती घट्ट झाली. दोघेही दुसऱ्याच्या पैशावर तिसऱ्याचा उत्सव करणारे! गणपतीची वर्गणी आणि कॉन्चेर्टोची वर्गणी यांत मला तरी फरक दिसत नाही. मी त्यांना आमच्यातला आद्य नियम सांगितला, की पावतीपुस्तकाचं पहिलं पान कोणाला कोरं दाखवायचं नसतं. मास्तर गालात हसले. त्यांच्या यादीत पहिली पाच नावं मोठमोठ्या विद्यापीठांची होती. त्या पाचांपैकी तिघांनी अजून पैसे दिले नव्हते. पण ती नावं वाचून खालच्या वीस हायस्कुलांनी दिले होते. मी मनोमन त्यांना दंडवत घातला. लहान वर्गणीदार आरास कशी असावी यावर सगळ्यात जास्त बोलतो, हा नियम मात्र मी त्यांना सांगितला नाही. तो त्यांना कळणारच होता.

यादी एक्सेलमध्ये असते. हिरव्या ओळी पैसे पोचलेल्यांच्या. पिवळ्या, 'नक्की, नक्की' म्हणालेल्यांच्या. लाल, 'पालकांच्या समितीला विचारून सांगतो' वाल्यांच्या. एक करडा रंग आहे. त्याचा अर्थ, होकार देणारे गृहस्थ निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी आलेल्याला यातलं काहीच माहीत नाही. शिवाय भिंतीवर अमेरिकेचा नकाशा आहे आणि त्यावर टाचण्या. हे वेड त्यांना जोन टॉवर यांच्या 'मेड इन अमेरिका'पासून लागलं. त्या एका रचनेसाठी लहान बजेटचे पासष्ट ऑर्केस्ट्रा एकत्र आले, पन्नासच्या पन्नास राज्यांतून. पहिला प्रयोग ऑक्टोबर २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ग्लेन्स फॉल्स या छोट्याशा गावी झाला. "पन्नासच्या पन्नास!" मास्तर हे असं म्हणतात की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघतात. त्या उपक्रमामागे फोर्ड मोटर कंपनीच्या निधीचा पैसा होता, हे ते हळू आवाजात सांगतात. त्यांच्या स्वतःच्या नकाशावर वायोमिंग बरेच दिवस मोकळं होतं. त्या दिवसांत वायोमिंगमधल्या कोणत्याही बँडशिक्षकाला रविवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला असेल, तर तो आमच्या मास्तरांचा समजावा.

तगादा लावण्याची त्यांना लाज वाटत नाही. त्यांच्या मते सगळे चांगले कॉन्चेर्टो तगाद्यातून निघालेले आहेत, आणि याला त्यांच्याकडे दाखले तयार असतात. ग्लाझुनोव्हने सॅक्सोफोनचा कॉन्चेर्टो लिहिला तो १९३४ मध्ये. सिगुर्ड राशर या वादकाने त्याच्यामागे असं टुमणं लावलं होतं की म्हाताऱ्याने सुटका करून घेण्यासाठी लेखणी उचलली असावी. जोनाथन हास हा टिंपनीवाला फिलिप ग्लासच्या मागे कित्येक वर्षं होता. शेवटी पाच ऑर्केस्ट्रांनी मिळून खर्च उचलला आणि २००० साली दोन टिंपनीवादक आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना न्यूयॉर्कमध्ये वाजली. "ढोल बडवणाऱ्याने चिकाटी दाखवली," मास्तर म्हणतात, "तर फुंकणाऱ्याने का दाखवू नये?"

पण त्यांचं खरं दैवत मोझार्ट. सुरांसाठी नव्हे, धंद्यासाठी. जानेवारी १७८३ मध्ये मोझार्टने व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की तीन नवे पियानो कॉन्चेर्टो वर्गणीदारांना मिळतील, किंमत चार डुकाट, आणि मोठा वाद्यवृंद असेल तर त्याच्याबरोबर, नसेल तर नुसती दोन व्हायोलिनं, एक व्हियोला, एक चेलो एवढ्यांवरही वाजवता येतील. "बघ!" मास्तर टेबलावर थाप मारतात, "वर्गणीही तीच, लवचीक वाद्यवृंदही तोच. मी नवीन काही करत नाही." मग वर्गणीदार मिळाले का, असं मी विचारलं. मास्तरांनी चहा ढवळला. पुरेसे मिळाले नव्हते. "पण पुढच्या वर्षी," ते उसळून म्हणाले, "१७८४ मध्ये, त्याच्या मैफलींना एकशे चौऱ्याहत्तर वर्गणीदार होते. आणि त्या सगळ्यांची यादी त्याने बापाला पत्रातून कळवली. बापाला! खुशालीच्या पत्रात कोण यादी पाठवतं, सांग?" मी सांगायची गरज नव्हती. मास्तरांच्या आईला कॅन्ससमध्ये दर महिन्याला हिरव्या ओळींचा आकडा कळवला जातो.

बीथोवनची गोष्ट ते थकलेल्या वर्गणीदारांना ऐकवतात. १८०९ मध्ये बीथोवन व्हिएन्ना सोडून कासलच्या राजाकडे चाकरीला जायला निघाला, तेव्हा तिघा सरदारांनी मिळून त्याला वर्षाला चार हजार फ्लोरिन कबूल केले. किन्स्की अठराशे, आर्चड्यूक रुडॉल्फ पंधराशे, लोब्कोविट्झ सातशे. दोन वर्षांत ऑस्ट्रियाच्या चलनाची किंमत कोसळली. त्याच्या पुढच्या वर्षी किन्स्की घोड्यावरून पडून गेला, आणि त्याच्या वारसांशी बीथोवनला वाद घालत बसावं लागलं. सगळ्यात मोठा आकडा घातलेला माणूसच घोड्यावरून पडतो, हे मास्तरांचं अनुभवसिद्ध मत आहे. म्हणून ते पैसे आगाऊ घेतात.

आगाऊ म्हणजे काय, तर अमेरिकन शाळेच्या हिशेबखात्याला पटेपर्यंत. तीनशे डॉलरांसाठी आधी खरेदीचा आदेश निघावा लागतो. त्याआधी संगीतकार बाईंना पुरवठादार म्हणून नोंदवावं लागतं. त्यासाठी कराचा डब्ल्यू-नाइन फॉर्म. त्यावर एका हिशेबनिसाची शंका: हा माल आणखी दोन पुरवठादारांकडून दर मागवून घ्यावा. मास्तरांनी कळवलं की ही रचना अजून अस्तित्वात नाही, त्यामुळे ती दुसऱ्या कोणाकडे असण्याचा संभव नाही. हिशेबनिसाने विचारलं, अस्तित्वात नाही तर बिल कशाचं? या प्रश्नाला सौंदर्यशास्त्रात उत्तर असेल, हिशेबखात्यात नव्हतं. शेवटी त्या शाळेच्या बँडशिक्षिकेने स्वतःच्या खिशातून तीनशे भरले. तिचं नाव यादीत ठळक टाइपात आहे. ठळक करायची कल्पना मास्तरांची.

यथावकाश वाद्यवृंदाच्या लवचीकपणाचा प्रश्न आला.

ही लवचीकपणाची टूम जुनी आहे. पर्सी ग्रेंजर या ऑस्ट्रेलियन संगीतकाराने १९२९-३०च्या सुमारासच 'लवचीक' वाद्यरचनेचा पुरस्कार केला होता. तीन वाजवणारे असोत की भलामोठा वाद्यवृंद असो, हाताशी असेल ते वाजवा, आणि जे नसेल ते पियानो किंवा हार्मोनियमवर भरून काढा. पण टूम घरोघरी पोचली २०२०च्या महासाथीत. बँड अर्धे झाले. मुलं सहा-सहा फुटांवर बसली, मुखपट्टीला फट पाडून त्यातून फुंकू लागली, ट्रम्पेट-ट्रॉम्बोनच्या तोंडांनाही कापडं बांधली गेली. रोज कोण येईल याचा भरवसा नाही. तेव्हा काही संगीतकार आणि कंडक्टर यांनी एकत्र येऊन कोणत्याही वाद्यांवर वाजेल असं संगीत जोमाने पुढे आणलं. रीत सोपी आहे. पाच पार्ट लिहायचे. पहिला फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, ट्रम्पेट यांपैकी जो हजर असेल त्याने वाजवायचा, पाचवा ट्यूबा, बॅरिटोन सॅक्स, बास क्लॅरिनेट यांपैकी जो असेल त्याने. साथ गेली, पण लहान शाळांचे बँड लहानच राहिले, आणि त्यांना ही सोय मानवली.

मास्तरांनी पत्रकात 'वाद्यवृंद लवचीक' एवढे दोन शब्द घातले आणि साठही वर्गणीदारांना वाचा फुटली. एकाकडे अकरा फ्लूट आणि एकही ओबो नाही. एकाकडे ट्यूबा आहे, वाजवणारा नाही. एकीकडे सगळीच मुलं सॅक्सोफोनवाली. त्यांच्या गावात पूर्वी सॅक्सोफोनचं दुकान होतं. एकाने विचारलं, बेस गिटार चालेल का, कारण ती वाजवणारा शाळेच्या मुख्याध्यापकांचा मुलगा आहे. एकाने विनंती केली की तिसऱ्या भागात ट्रम्पेटला उंच सूर देऊ नयेत, त्या मुलीच्या दातांना तारा आहेत. मास्तरांनी प्रत्येकाला 'अवश्य' असं उत्तर दिलं आणि प्रत्येक पत्र संगीतकार बाईंना पुढे पाठवलं.

बाईंची उत्तरं मी पाहिली आहेत. पहिलं चार परिच्छेदांचं होतं. त्यात रंग, पोत, श्वास असे शब्द होते. दुसरं दीड परिच्छेद. अकरा फ्लूटवाल्याच्या पत्राला तीन ओळी. मुख्याध्यापकांच्या मुलाला एक ओळ. त्यापुढे नुसतं 'बरं'. दातांच्या तारांच्या वेळी मात्र त्यांनी पुन्हा मोठं पत्र लिहिलं, आणि त्या मुलीला कोणते सूर सहज लागतात ते विचारून घेतलं. मला तेव्हाच वाटलं की ही रचना चांगली होणार.

वाद्यवृंद वाकला म्हटल्यावर एकलवादकांनी ताठ का राहावं? बसून वाजवणारा साठांपैकी नऊ ठिकाणीच निघाला. बाकीच्यांचं म्हणणं, आमच्याकडे बसून नाही, पण आमचा बास क्लॅरिनेटवाला ऐकाच. आमची टेनर सॅक्सवाली ऐकाच. एका कॉलेजात चेलोचे प्राध्यापक पत्नीसह नेमलेले होते आणि दोघांनाही एकल हवं होतं. मास्तरांनी आठवडाभर प्रतिकार केला. तो त्यांच्या आयुष्यातला सर्वांत दुःखाचा आठवडा असावा. मग दोन्ही एकल पार्ट सगळ्या क्लेफांत, सगळ्या पट्ट्यांत लिहून द्यायचे ठरलं. पत्रकावर 'युफोनियम आणि बसून यांच्यासाठी कॉन्चेर्टो' असं होतं. त्याचं 'दोन एकलवादक आणि लवचीक वाद्यवृंद यांच्यासाठी कॉन्चेर्टो' झालं. हे शीर्षक वाचल्यावर ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही आणि वर्गणीदाराला सगळं कळतं.

भांडण लागलं ते मात्र वाद्यांवरून नाही. ओहायोतल्या दोन कॉलेजांना ओहायोतला शुभारंभाचा प्रयोग हवा होता, आणि दोघांनी तारीख धरली ती एकच. मास्तरांनी दोघांना वेगवेगळं फोनवर घेतलं. परिणामी एका कॉलेजाच्या पत्रिकेवर 'ओहायोतील पहिला प्रयोग' आणि दुसऱ्याच्या पत्रिकेवर 'ओहायोतील पहिला सायंकालीन प्रयोग' असं छापलं गेलं. पहिलंवालं दुपारी तीनला वाजवून मोकळं झालं.

डिसेंबरात शिकागोला बँडवाल्यांचा मोठा मेळा भरतो, मिडवेस्ट क्लिनिक नावाचा. १९४६ पासून भरतो आहे आणि जगभरचे बँड तिथे येऊन वाजवतात. मास्तर दर वर्षी जातात आणि एकही कार्यक्रम ऐकत नाहीत. ते सभागृहांच्या बाहेर, कॉफीच्या रांगेजवळ उभे राहतात. गळ्यातल्या ओळखपत्रावरून माणसाचं राज्य वाचायचं आणि मग नाव वाचायचं, असा त्यांचा क्रम. एकदा मी सोबत गेलो होतो. दुरून येणाऱ्या एका गृहस्थांनी मास्तरांना पाहिलं आणि ते सरळ महिलांच्या प्रसाधनगृहाकडे वळले. "पिवळी ओळ," मास्तर मला म्हणाले, आणि दाराबाहेर शांतपणे थांबले.

आता पेटीचं सांगतो. ग्रेंजरला हार्मोनियम प्रिय होती, हे मास्तरांनी सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून सहज निघून गेलं की आमच्या मंडळात एक आहे. मास्तर उभेच राहिले. ग्रेंजरची पायाने भात्याची, आमची हाताने. पण एवढ्यावरून अडणारा माणूस तो नव्हे. मंडळाचे पेटीवाले काका मूळचे मिरजेचे. त्यांना मास्तरांच्या तालमीला नेलं. काकांनी विचारलं, "पट्टी कुठली?" मी म्हटलं, "बी-फ्लॅट." "म्हणजे काळी पाच. मग तसं सांगा ना, एवढं तोंड काय वाकडं करायचं!" स्टाफ नोटेशन काकांना येत नाही. माझ्या मुलीने पाचवा पार्ट सारेगममध्ये लिहून दिला. मात्रा मोजताना काका मान हलवतात त्याकडे बघून ढोलकवाली मुलंही मोजायला लागली. खरी गंमत सूर जुळवताना झाली. काकांची पेटी किंचित चढी आहे, आणि पेटी काही खाली आणता येत नाही. सगळ्या बँडला पेटीशी जुळवून घ्यावं लागलं. क्लॅरिनेटवाल्यांनी नळ्या आत दाबल्या, ट्रॉम्बोनवाल्यांनी नळी वर घेतली, ट्यूबावाल्याने घाम पुसला. काका म्हणाले, "आता कसं वाजतंय!"

एप्रिलमध्ये प्रयोग झाला. बाई न्यूयॉर्कहून आल्या आणि मास्तरांच्या घरी उतरल्या, कारण हॉटेलची वर्गणी कोणी दिली नव्हती. युफोनियमवर मास्तरांचा विद्यार्थी, बसूनचा पार्ट बास क्लॅरिनेटवर. मास्तर मंचावर आले, पण छडी उचलायच्या आधी मान वळवून प्रेक्षकांकडे पाहून घेतलं. लोकांना वाटलं अभिवादन करताहेत. मला माहीत होतं की ते पैसे दिलेले किती आले आहेत ते मोजताहेत.

रचना चांगली आहे. वर्गणीदार म्हणून म्हणत नाही. पहिला भाग खटपटीचा आहे, सगळ्यांना सामावून घेताना थोडा दमतो. तिसरा टाळ्यांसाठी लिहिलेला आहे आणि टाळ्या घेतो. पण मधला संथ भाग खरोखरच सुंदर आहे. दोन खालच्या आवाजाची वाद्यं, जी जन्मभर मागे बसून दुसऱ्यांना आधार देतात, ती पुढे येऊन एकमेकांशी सावकाश बोलतात, आणि मागचा बँड कोणत्या का वाद्यांचा असेना, एक लांब सूर धरून राहतो. तो सूर आमच्या गावी काकांनी धरला होता. भाता मारत होते आणि डोळे मिटलेले होते. कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्या नावात दोन चुका निघाल्या. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी घरी येऊन माफी मागितली.

नंतरच्या चहापानाला मी बाईंना विचारलं, की साठ जणांच्या फर्माइशी सांभाळून लिहायचा वैताग आला असेल ना? त्या म्हणाल्या, "माझ्या वर्गात बारा जण संगीतरचना शिकत होते. त्यातल्या सात जणांना शिक्षण संपल्यावर कोणी काही लिहायला सांगितलंच नाही. मला साठ जण सांगत होते." मग त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर कोपऱ्यात एका म्हाताऱ्या बाईंना डब्ल्यू-नाइन समजावून सांगत होते. त्या बाईंचा बँडशी काही संबंध नव्हता. त्या केक घेऊन आल्या होत्या.

तीनशे भरणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ती रचना अजून वाजवलेली नाही, आणि काहीजण कधीच वाजवणार नाहीत. नाव छापून आलं, काम झालं. मास्तरांना याचं वाईट वाटत नाही असं नाही, पण ते त्या लोकांवर रागावत नाहीत. त्यांच्या पैशातून वायोमिंगमधल्या एका चाळीस मुलांच्या शाळेला ती फुकट पाठवली. अखेर टाचणी लागली ती अशी. नव्या संगीताबद्दल बोलणारे, लिहिणारे, त्याची काळजी वाहणारे लोक मी पुष्कळ पाहिले. आमच्या मास्तरांना त्यावर बोलायला वेळ नसतो, आणि त्यांच्या हातून आजवर सात नव्या रचना जगात आलेल्या आहेत.

आठवीची यादी उघडलेली आहे. या वेळी दोन ट्रॉम्बोन आणि बँड, वाद्यवृंद लवचीक, पेटी ऐच्छिक. संस्थांना तीनशे डॉलर, व्यक्तींना पन्नास. भारतातून पाठवणाऱ्यांना मास्तर बँकेचा अधिभार माफ करतात. ज्यांना नाव घालायचं असेल त्यांनी ते इंग्रजीत कसं लिहायचं हे स्पष्ट अक्षरांत माझ्याकडे कळवावं. एकदा छापल्यावर बदलून मिळणार नाही.